आकडा सुधारला, रुग्णाचं काय?

हार्ट अटॅक येऊन गेल्यावर हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले, तर रुग्ण दगावण्याचा धोका वाढतो. म्हणजे ठोके ताळ्यावर आणणारं औषध दिलं की जीव वाचणार, असं कुणालाही वाटेल. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. एनकेनाइड किंवा फ्लेकेनाइड दिलं की ईसीजी खरोखर सुधारायचा. मग ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत ही औषधं आणि दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी यांची तुलना झाली. 1991 साली प्रसिद्ध झालेले आकडे हादरवणारे होते. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 जण मरण पावले; नुसती गोळी घेणाऱ्या 743 जणांपैकी 26.

ईसीजी सुधारत होता आणि माणसं मरत होती.

त्याच सुमारास कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात गॉर्डन गायट आणि सहकारी पुराव्यावर आधारित वैद्यकाची मांडणी करत होते. डॉक्टरांनी प्रश्न नेमका मांडावा, त्यावरचं संशोधन शोधावं, ते पारखावं आणि मग उपचार ठरवावेत, असा हा शिस्तशीर मार्ग. विद्यार्थ्यांना तो शिकवलाही जाऊ लागला. पण बाहेर बाकावर वीस पेशंट ताटकळत असताना फॅमिली डॉक्टरनं हे सगळं करायचं कधी?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 103 फॅमिली डॉक्टरांच्या कामाचं प्रत्यक्ष निरीक्षण झालं. पेशंट तपासताना त्यांना 1,101 प्रश्न पडले. त्यातल्या 64 टक्के प्रश्नांचा लगेच पाठपुरावा झालाच नाही. ज्यांचा झाला, त्यांना सरासरी दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ मिळाला. शोधनिबंधांचा रीतसर धांडोळा घेतला गेला तो फक्त दोन प्रश्नांसाठी. 1999 साली प्रसिद्ध झालेली ही पाहणी डॉक्टरांच्या आळसाची नव्हे, त्यांच्या दिनक्रमाची साक्ष देते.

डॉ. डेव्हिड स्लॉसन आणि औषधतज्ज्ञ ॲलन शॉनेसी यांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. 1994पासून ते सांगत आले, की माहितीचा उपयोग मोजायचा तर ती रुग्णाच्या कामाची किती आणि विश्वासार्ह किती हे पाहा आणि मिळवायला पडणाऱ्या कष्टांनी त्याला भागा. निबंध चाळण्याचं किचकट काम त्यात मुरलेल्यांनी करावं; फॅमिली डॉक्टरनं त्यांचं चाळण वापरायला आणि त्यावर कितपत विसंबायचं हे ओळखायला शिकावं. पहिली कसोटी मात्र त्याची स्वतःचीच. या उपचारानं रुग्ण जास्त जगेल का, त्याचं दुखणं कमी होईल का, की नुसता रिपोर्ट छान येईल? ही कसोटी फ्लेकेनाइडला वेळीच लावली असती, तर किती घरं वाचली असती!

दुसरा धडा टक्केवारीचा. ॲटोरव्हास्टॅटिनमुळे हार्ट अटॅकचा धोका 36 टक्क्यांनी कमी होतो, अशी जाहिरात गाजली होती. उच्च रक्तदाब आणि इतर धोके असलेल्यांवरच्या चाचणीतला हा आकडा खराच आहे. पण सुमारे तीन वर्षांत अटॅकचं प्रमाण शंभरात तिघांवरून शंभरात दोघांवर आलं होतं. म्हणजे शंभर जणांनी तेवढा काळ रोज गोळी घ्यावी, तेव्हा एकाचा अटॅक टळतो. काही रुग्णांना तेवढा फायदाही मोलाचा वाटेल. पण निवड करण्यासाठी दोन्ही आकडे त्यांच्यासमोर हवेत.

आपल्याकडे घसा धरला की ‘डॉक्टर, एखादी स्ट्राँग गोळी द्या’ ही मागणी ठरलेली. वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानुसार अँटिबायोटिकमुळे घशाचा त्रास सरासरी सोळा तासच आधी थांबतो. औषध न घेताही आठवडाभरात दहांतले आठ जण बरे होतात. धोक्याची लक्षणं नाहीत ना हे तपासून डॉक्टरनं हे दोन आकडे शांतपणे सांगितले, तर बऱ्याच पालकांना ते पटतील. तसं सांगायलाही शिकावं लागतं आणि ते शिकवायला महागडी यंत्रणा लागत नाही.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणी टिकवण्यासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. त्यासाठी गावोगावी व्याख्यानं होतात. आयोजकांनी त्यातला निदान एक तास या शिक्षणासाठी राखून ठेवावा. नव्या औषधाची माहिती पुरवायला औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, म्हणजे एमआर, दारात येतातच; त्या माहितीतला कामाचा भाग कसा ओळखायचा, हे त्या तासात शिकवावं.