परदेशात राहून जयपूरच्या सेवाभावी संस्थेला आपले कौशल्य कसे देता येईल?

परदेशात नोकरी-व्यवसाय करणाऱ्या अनेकांना आपल्या शिक्षणाचा उपयोग भारतातील एखाद्या सेवाभावी संस्थेला व्हावा असे वाटते. कुणी लेखापाल असतो, कुणी अभियंता, कुणी डॉक्टर, कुणी संकेतस्थळे तयार करणारा. आपले रोजचे, पगार मिळवून देणारे काम एखाद्या संस्थेसाठी विनामोबदला करून देणे, असा याचा सरळ अर्थ. हिंदीत यासाठी 'कौशल-आधारित स्वयंसेवा' असा जोडशब्द रूढ होत आहे. मराठीत अजून सुटसुटीत शब्द नाही, म्हणून या लेखात आपण 'स्वयंसेवा' एवढेच म्हणू.

या कामासाठी एकच एक सरकारी योजना आणि एकच अर्ज नाही. आपल्याकडे कोणता पासपोर्ट आहे, आपण भारतात येणार की तिथूनच काम करणार आणि आपला व्यवसाय कोणता, या तीन गोष्टींवर लागू होणारे नियम बदलतात. संस्था जयपूरची आहे असे धरून ते येथे समजावून सांगितले आहेत. इतर शहरांनाही त्यातील बहुतेक नियम लागू होतात.

जयपूरच का?

कारण बाहेरचे कौशल्य स्थानिक संस्थेला नेमके कसे उपयोगी पडते, याचे चांगले उदाहरण या शहरात आहे.

'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय १९६८च्या सुमारास येथील सवाई मानसिंह रुग्णालयात तयार झाला. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा ही त्यामागची मुख्य नावे. शर्मा यांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते, पण हातात कला होती. त्या वेळी मिळणारे परदेशी बनावटीचे पाय बुटात घालून वापरायचे असत. आपल्याकडचा माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी चालतो, चिखलात उभा राहून शेत करतो. त्या पायाला हे जमत नव्हते. रबर, लाकूड वापरून बनवलेल्या जयपूर फूटला जमले. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या पायाचे पेटंट घेतले गेले नाही, त्यामुळे तो कुणालाही बनवता आला. १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय गरजूंना मोफत बसवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले.

ज्यांचा पाय गुडघ्याच्या वर कापला गेला आहे, त्यांची अडचण मात्र वेगळी होती. त्यांना पाऊल तर हवेच, पण गुडघ्याचा सांधाही हवा. स्वस्त सांधा दाराच्या बिजागरीसारखा एकाच अक्षावर वाकतो आणि खडबडीत जमिनीवर अचानक दुमडून माणूस पडू शकतो. सुरक्षित सांधे आयात करावे लागत आणि त्यांची किंमत हजारो डॉलरच्या घरात जाई. मोफत पाय देणाऱ्या संस्थेला ते परवडणे शक्यच नव्हते.

हा प्रश्न अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या एका गटाने समितीबरोबर हाती घेतला. त्यांनी २००८च्या सुमारास तयार केलेल्या 'जयपूर नी' या सांध्यात चार दुव्यांची रचना आहे. गुडघा वाकताना त्याचा फिरण्याचा बिंदू सरकत जातो, त्यामुळे उभे राहताना पाय स्थिर राहतो. तेल मुरवलेले नायलॉन वापरल्यामुळे वेगळे वंगण लागत नाही. प्लास्टिकचे पाच भाग, चार नटबोल्ट आणि खर्च सुमारे २० डॉलर. 'टाइम' साप्ताहिकाने २००९च्या ५० उत्कृष्ट शोधांत त्याची नोंद घेतली. पुढे डी-रेव्ह या अमेरिकी ना-नफा संस्थेने या सांध्याची सुधारित आवृत्ती 'रीमोशन' नावाने विकसित केली.

काटेकोरपणे पाहिले तर ही स्वयंसेवा नव्हे. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ते काम सुरू केले होते. पण त्यातील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रश्न जयपूरच्या कार्यशाळेचा होता आणि किमतीची मर्यादाही तिथलीच होती. चार दुव्यांचे गणित आणि साहित्याची निवड तेवढी बाहेरून आली. परदेशातून येणारे पुष्कळ प्रस्ताव नेमके उलट असतात. "मला अमुक सॉफ्टवेअर येते, तुम्हाला बनवून देऊ का?" अशी त्यांची सुरुवात असते. संस्था संकोचाने हो म्हणते. सहा महिन्यांनी स्वयंसेवकाची नोकरी बदलते आणि ते सॉफ्टवेअर दुरुस्त करणारे कुणी उरत नाही.

आपला पासपोर्ट कोणता?

(सरकारी मराठीत 'पारपत्र' म्हणतात, घरात सगळे पासपोर्टच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द.)

आपण भारतीय पासपोर्टवर परदेशात राहत असाल, म्हणजे अनिवासी भारतीय असाल, तर भारतात येऊन संस्थेत काम करण्यासाठी व्हिसाचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो आपल्या तिकडच्या नोकरीचा. अनेक कंपन्यांच्या करारात कर्मचाऱ्याने केलेल्या संशोधनावर आणि रचनांवर कंपनीचा हक्क राहील असे कलम असते. आपण रविवारी बसून संस्थेसाठी काढलेले एखाद्या यंत्रभागाचे रेखाचित्रही त्यात येऊ शकते. काम सुरू करण्याआधी कंपनीची लेखी परवानगी घ्यावी आणि तिची प्रत संस्थेकडे द्यावी.

आपण परदेशी नागरिक असाल आणि आपल्याकडे ओसीआय कार्ड असेल, तर जयपूरमध्ये येऊन स्वयंसेवा करण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेनुसार काही कामांसाठी ओसीआय कार्डधारकालाही विशेष परवानगी घ्यावी लागते. संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण, धर्मप्रचार ही त्यांपैकी काही. यातील 'संशोधन' हा शब्द अनेकांच्या नजरेतून सुटतो. शिबिरात रुग्णांना मदत करणे ही स्वयंसेवा आहे. त्याच रुग्णांची माहिती शोधनिबंधासाठी गोळा करायला लागलात तर ते संशोधन ठरू शकते. तसा विचार असेल तर ई-एफआरआरओ पोर्टलवरून आधी परवानगी घ्यावी.

संरक्षित क्षेत्रांत जाण्यासाठीही परवानगी लागते. जयपूर शहर त्यात येत नाही. पण संस्थेचे शिबिर जैसलमेर किंवा बाडमेरच्या सीमेलगतच्या भागात असेल, तर तो भाग संरक्षित आहे का हे निघण्याआधी संस्थेकडून तपासून घ्यावे.

ओसीआय कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकांसाठी, म्हणजे बऱ्याचदा आपल्या सोबत येऊ इच्छिणाऱ्या सहकाऱ्यांसाठी, दोन मार्ग आहेत. पर्यटक व्हिसावर जास्तीत जास्त एक महिन्याचे स्वयंसेवी काम करता येते, पण त्याबद्दल पैसे किंवा अन्य कोणताही मोबदला घेता येत नाही. त्याहून अधिक काळ नोंदणीकृत संस्थेत मानद काम करायचे असेल तर रोजगार व्हिसा घ्यावा लागतो. पगार नसतानाही 'रोजगार' व्हिसा का, असे अनेकांना वाटते. नियमात त्याची तशीच तरतूद आहे आणि त्या व्हिसावर संस्थेचे नाव व कामाचे ठिकाण नोंदवले जाते. अशा मानद कामाला रोजगार व्हिसाची किमान पगाराची अट लागू होत नाही.

डॉक्टर आणि पुनर्वसन तज्ज्ञांसाठी

येथे सद्भावना पुरेशी नाही. भारतात रुग्णावर उपचार करण्यासाठी भारतातील वैद्यकीय नोंदणी आवश्यक आहे. परदेशी नागरिक असलेल्या डॉक्टरांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडून तात्पुरती नोंदणी मिळू शकते. महाराष्ट्रातून शिकून गेलेल्या डॉक्टरांनी आपली जुनी नोंदणी चालू आहे का ते पाहावे; महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि परदेशी गेल्यावर ते राहून जाते. राजस्थानातील शिबिरात प्रत्यक्ष उपचार करणार असाल तर राजस्थान मेडिकल कौन्सिलची अट काय आहे, हे संस्थेमार्फत लेखी विचारून घ्यावे.

कृत्रिम अवयव तज्ज्ञ, वाचा-उपचार तज्ज्ञ, विशेष शिक्षक यांच्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ लागू आहे आणि नोंदणी या परिषदेकडे होते.

"मग मी इथूनच व्हिडिओवर रुग्ण तपासतो," असा पर्याय सुचतो. २५ मार्च २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचना भारतात नोंदणी असलेल्या डॉक्टरांसाठी आहेत आणि भारताच्या अधिकारक्षेत्राबाहेरील सल्ला त्यांनी कक्षेबाहेर ठेवला आहे. शिबिरातल्या रुग्णाला आपण फोनवर औषध सांगितले आणि त्याला त्रास झाला, तर तो दाद कुणाकडे मागणार? परदेशातील डॉक्टरने जयपूरच्या डॉक्टरांना प्रशिक्षण द्यावे, अवघड प्रकरणांवर त्यांच्याशी चर्चा करावी, जखमेची काळजी कशी घ्यावी याची पत्रके तपासून द्यावीत. निर्णय आणि सही तिथल्या नोंदणीकृत डॉक्टरची राहील. चर्चेसाठी रुग्णाचे छायाचित्र किंवा कागद मागवताना त्याची संमती घ्यावी आणि नाव-पत्ता झाकावा.

येताना लॅपटॉप आणू का?

या प्रश्नात परदेशी योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० येतो. या कायद्यात 'परदेशी योगदान' म्हणजे परदेशी स्रोताकडून आलेली वस्तू, चलन किंवा रोखे. आपला वेळ आणि श्रम या व्याख्येत नाहीत. पण संस्थेला दिलेला लॅपटॉप किंवा उपकरण ही वस्तू आहे.

भारतीय पासपोर्टधारक अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी परदेशी योगदान मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीने दिलेली देणगी मात्र, ओसीआय कार्ड असले तरी, परदेशी योगदानच ठरते. एकाच घरात नवऱ्याचा पासपोर्ट भारतीय आणि बायकोचा अमेरिकी असेल, तर धनादेशावर सही कुणाची यावर नियम बदलतो. संस्थेकडे या कायद्याखालील नोंदणी नसेल आणि तिने परदेशी योगदान स्वीकारले, तर अडचणीत संस्था येते, आपण नाही. म्हणून सामान भरण्याआधी विचारावे. सीमाशुल्काचा प्रश्न याहून वेगळा आहे.

दिलेल्या तासांवर आयकरात सवलत मिळत नाही. ती केवळ पात्र संस्थेला दिलेल्या पैशाच्या देणगीवर असते.

संस्था खरी आहे हे कसे पाहावे?

नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर संस्थेचे नाव आणि क्रमांक शोधता येतो. परदेशी योगदानाची नोंदणी गृह मंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर पाहता येते. महाराष्ट्रात आपल्याला धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी विचारायची सवय असते. राजस्थानातील बऱ्याच संस्था राजस्थान संस्था नोंदणी अधिनियम, १९५८ खाली नोंदलेल्या असतात, त्यामुळे तिथे धर्मादाय आयुक्तांचा कागद नसला म्हणून शंका घेण्याचे कारण नाही.

शाळेला मदत करायची असेल तर

या बाबतीत सरकारी पोर्टल उपलब्ध आहे. शिक्षण मंत्रालयाच्या 'विद्यांजली' पोर्टलची सध्याची आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. सरकारी आणि अनुदानित शाळा आपली गरज तिथे नोंदवतात आणि स्वयंसेवक त्यातून निवड करून इच्छा कळवतो. भारतीय नागरिकांबरोबर अनिवासी भारतीय आणि भारतीय वंशाच्या व्यक्तींनाही नोंदणी करता येते. विषय शिकवणे, व्यवसाय मार्गदर्शन, कला, योग अशी कामे यादीत असतात. मानधन नाही. गरज आधी शाळेने मांडायची, ही त्यातली चांगली बाब.

विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'वैभव' फेलोशिप याच्याशी अनेकदा गल्लत करून विचारली जाते. ती परदेशातील भारतीय वंशाच्या संशोधकांसाठी असून तीत मानधन मिळते आणि ती भारतातील संशोधन व शिक्षण संस्थांबरोबरच्या कामासाठी आहे. सेवाभावी संस्थेतील स्वयंसेवेसाठी तिचा उपयोग नाही.

संस्थेला पहिले पत्र लिहिताना

आपण कोणते काम करता, आठवड्याला किती तास आणि किती महिने देऊ शकता, एवढे एका परिच्छेदात लिहावे. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा: सध्या तुमचे कोणते काम अडले आहे? उत्तर कदाचित आपल्या पदवीला शोभणारे नसेल. हिशेबाच्या तीन वर्षांच्या फाइली जुळवायच्या आहेत, देणगीदारांना इंग्रजी पत्रे लिहायची आहेत, असे काहीतरी असेल. ते जमत असेल तर घ्यावे, नाहीतर नम्रपणे नाही म्हणावे.

वेळेचे गणितही पाहावे. कॅलिफोर्नियात रात्रीचे ९ वाजतात तेव्हा जयपूरला दुसऱ्या दिवशीची सकाळ झालेली असते, ती वेळ दोघांना सोयीची. लंडनहून बोलायचे तर आपली सकाळ आणि त्यांची दुपार. कामाच्या सगळ्या फाइली, पासवर्ड आणि रेखाचित्रे पहिल्या दिवसापासून संस्थेच्या खात्यात ठेवावीत, स्वतःच्या नाही. आपल्यानंतर ते काम कोण पाहणार, त्या कर्मचाऱ्याचे नाव संस्थेकडून सुरुवातीलाच मागून घ्यावे आणि दर बैठकीला त्या व्यक्तीला बोलवावे.

व्हिसा आणि नोंदणीचे नियम वेळोवेळी बदलतात. तिकीट काढण्याआधी आपल्या देशातील भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावरील ताजी माहिती पाहावी.