चपट्या कृमींची ओळखपरेड
(कॅडेट, इयत्ता दहावी)

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला होता. सकाळी पीटीला फॉल-इन झालो, तेव्हा मैदानाच्या कडेच्या फरशीवर एक लांबलचक, मातकट पिवळा प्राणी सरपटताना दिसला. माझ्या शेजारचा ओरडला, "साप का बच्चा!" मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे पावसाळ्यात वाळा निघतो. गांडुळाएवढा, निरुपद्रवी, आंधळा साप. मला वाटलं हा वाळाच असणार. पण वाळा वळवळतो, हा तर पाणी ओघळावं तसा पुढे सरकत होता आणि मागे चिकट रेघ सोडत होता. डोकं अर्धचंद्रासारखं पसरट होतं. पाठीवर काळ्या रेघा होत्या. उस्तादांची शिट्टी व्हायच्या आत मी क्यारीतलं खुरपं उचललं, त्याचे पाच-सहा तुकडे केले आणि ते इको क्लबच्या गांडूळखताच्या खड्ड्यात टाकले. मातीतलं मातीत जाईल, असा माझा हिशोब.

हा हिशोब किती चुकला ते पुढे सांगतो. आधी तो प्राणी कोण होता ते पाहू.

तो साप नव्हता, गांडूळ नव्हतं आणि जळूही नव्हती. गांडूळ आणि जळू यांच्या अंगावर कड्या असतात. जळूला दोन्ही टोकांना चूषक असतात. सापाला खवले असतात आणि तो जीभ बाहेर काढतो. या प्राण्याला यातलं काहीच नव्हतं. अंग गुळगुळीत, चपटं आणि ओलं. हा चपट्या कृमींच्या संघातला, म्हणजे प्लॅटीहेल्मिन्थिस संघातला प्राणी. या संघाची लक्षणं आपण नववीत पाठ करतो: द्विपार्श्व सममिती, त्रिस्तर, देहगुहा नाही. परीक्षेत मी ती लिहिलीही होती. पण प्राणी समोर आला तेव्हा एकही आठवलं नाही.

हे कृमी चपटे का असतात, हे मला पाठांतरापेक्षा जास्त उपयोगी वाटलं. त्यांना फुप्फुसं नाहीत, कल्ले नाहीत, रक्तही नाही. प्राणवायू थेट कातडीतून आत झिरपतो. शरीर जाड झालं तर आतल्या पेशींपर्यंत तो पोहोचणारच नाही, म्हणून ते पातळच राहतं. खाणं आत घ्यायला आणि उरलेलं बाहेर टाकायला बहुतेकांना एकच भोक असतं. माझ्या पाहुण्याचं हे तोंड डोक्यावर नव्हतं, पोटाच्या मध्यावर होतं. तिथून तो एक नळी बाहेर काढतो, गांडुळावर पसरतो, पाचक रस ओततो आणि विरघळलेलं मांस शोषून घेतो. डोक्याच्या कडेने ठिपक्यांएवढे कितीतरी डोळे असतात, पण त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो.

जीवशास्त्राच्या सरांना मी मोबाइलवरचा फोटो दाखवला (मित्राने काढलेला, रविवारी फोन मिळाल्यावर). सर म्हणाले, "प्रजाती बायपॅलियम. बाकी तू शोध." बायपॅलियम हा लॅटिन शब्द आहे आणि तो फावड्याच्या एका प्रकाराचं नाव आहे. डोक्याच्या आकारावरून हे नाव दिलं. फावडं नावाच्या प्राण्याला मी खुरप्याने कापलं, यावरून डॉर्मिटरीत माझी अजून चेष्टा चालते.

जात ओळखायची तर रेघा मोजाव्या लागतात. पाठीवर पाच गडद रेघा आणि मानेवर अर्धवट काळा पट्टा असेल, तर बहुधा बायपॅलियम क्यूवेन्स. इथे एक फसवी जागा आहे. मल्टिलिनिएटम नावाच्या जातीलाही पाच रेघा असतात. मग मधली रेघ कुठून सुरू होते ते पाहायचं. ती डोक्यावरूनच निघाली तर मल्टिलिनिएटम, मानेपासून किंवा तिच्या मागून निघाली तर क्यूवेन्स. पाठीवर एकच रेघ असेल तर तिसरीच जात, अ‍ॅडव्हेंटिशियम. आमच्या फोटोत मधली रेघ मानेपासून होती. म्हणून मी वहीत "बहुधा क्यूवेन्स" असं लिहिलं. 'बहुधा' सरांनी घालायला लावलं. खात्री हवी तर शरीर चिरून आतले अवयव किंवा डीएनए तपासावा लागतो.

क्यूवेन्स हे नाव लंडनजवळच्या क्यू इथल्या बागेवरून आलं. 1878 साली मोझली यांनी या कृमीचं वर्णन केलं, ते तिथल्या काचघरात सापडलेल्या नमुन्यावरून. पण तो इंग्लंडचा मुळीच नाही. त्याचं घर आग्नेय आशियात, व्हिएतनाम-कंबोडियाच्या बाजूला. कुंड्यांच्या मातीतून तो जगभर गेला. आमच्या कॅम्पसमध्येही दर पावसाळ्याआधी ट्रकभर कुंड्या येतात. कुठल्या कुंडीतून तो आला हे आता कळणार नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. हा कृमी नव्या देशात बहुतेक वेळा अंडी घालून वाढत नाही, तुकडे पडून वाढतो. शेपटीचं टोक जमिनीला घट्ट चिकटवतो आणि पुढचं शरीर ओढून घेतो. तुटलेला तुकडा लगेच हालचाल करू लागतो आणि आठ-दहा दिवसांत त्याला डोकं फुटायला लागतं. म्हणजे जे काम तो स्वतः महिन्यातून एक-दोनदा करतो, ते मी एका मिनिटात पाच वेळा करून दिलं. वर त्याला गांडुळांनी भरलेल्या खड्ड्यात नेऊन ठेवलं. दक्षिण अमेरिकेतल्या नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गांडुळं पाळणाऱ्यांना याच कृमीचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. हे मी नंतर वाचलं.

ऑगस्टमध्ये आम्ही खड्डा उघडला. दरवर्षी या खतावर मेसच्या मागची भाजी होते: पालक, मुळा, मेथी. माळीकाकांनी फावडं घातलं आणि म्हणाले, "केंचुए कहाँ गए?" वरच्या थरात मूठभर गांडुळं होती, एरवी ओंजळी भरतात. ओल्या पोत्याखाली ते पिवळे कृमी होते. चार. सगळे माझ्या तुकड्यांतूनच झाले असं मी सिद्ध करू शकत नाही, पण हाऊस मास्टरांसमोर मी ते नाकारलंही नाही.

मारायची योग्य पद्धत अशी. हात लावायचा नाही. 2014 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की अ‍ॅडव्हेंटिशियम आणि क्यूवेन्स या दोन्ही जातींच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असतं, म्हणजे फुगणाऱ्या पफर माशातलं विष. प्रमाण थोडं असतं आणि याच्या स्पर्शाने कोणी दगावत नाही, पण हातमोजे घाला आणि कुत्र्या-मांजरांना दूर ठेवा. आधी फोटो: पाठीचा, पोटाचा, डोक्याचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग चमच्याने किंवा काडीने अख्खा उचलून बरणीत. ओळख पटवायला नमुना हवा असेल तर गरम पाण्यात टाकून लगेच अल्कोहोलमध्ये, नको असेल तर भरपूर मीठ. फोटोंना कमी समजू नका. फ्रान्समध्ये झां-लू ज्युस्तीन यांच्या गटाने 2018 साली या कृमींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या बऱ्याचशा नोंदी बागेत काम करणाऱ्या साध्या माणसांनी पाठवलेल्या फोटोंवरून आल्या होत्या.

याच कृमींच्या नादात माझं लक्ष लॅबमधल्या फिशटँककडे गेलं. तिथले गोल्डफिश अंग दगडाला घासत होते आणि पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत होते. दोन मेले. आम्ही मीठ घातलं, पाणी बदललं, तिसरा मेला. सरांनी त्याच्या कल्ल्याचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बोलावलं. मिलिमीटरहूनही लहान, पारदर्शक, ताणला जाणारा, आकसणारा एक जीव होता. मागच्या टोकाला आकडे. हाही चपटा कृमीच.

माशांवरच्या या गटाला मोनोजेनिया म्हणतात. यांना एकच पोशिंदा लागतो, म्हणून टँकमध्ये ते झपाट्याने पसरतात. गोल्डफिशवर नेहमी भेटणारे दोन: डॅक्टिलोगायरस आणि गायरोडॅक्टिलस. नावं उलटसुलट असल्याने मी आठवडाभर घोळ घालत होतो. फरक मात्र सोपा आहे. डॅक्टिलोगायरसच्या डोक्यावर चार काळे ठिपके म्हणजे डोळे असतात, तो मुख्यतः कल्ल्यांवर राहतो आणि अंडी घालतो. त्याला कडेचे लहान आकडे 14. गायरोडॅक्टिलसला डोळे नसतात, तो बहुधा कातडीवर आणि परांवर असतो, लहान आकडे 16, आणि तो पिल्लालाच जन्म देतो. तेही कसं, तर आईच्या पोटात लेक आणि त्या लेकीच्या पोटात आधीच नात वाढत असते. सरांनी हे सांगितलं तेव्हा आख्खा वर्ग हसला, पण ते स्लाइडवर दिसतं.

आमच्या स्लाइडवर चार ठिपके होते. हे कळल्याने पुढचं सगळं बदललं. औषध कृमी मारतं, अंडी सहसा मारत नाही. गायरोडॅक्टिलस असता तर एकदा औषध देऊन बहुधा भागलं असतं. डॅक्टिलोगायरस होता, म्हणून पशुवैद्यकांच्या सल्ल्याने प्रॅझिक्वांटेल काही दिवसांनी पुन्हा दिलं, अंड्यांतून निघालेली पिढी मोठी व्हायच्या आत. उरलेले सात मासे वाचले. गायरोडॅक्टिलसला कमी लेखू नका बरं. त्याचीच सॅलारिस ही जात 1970 च्या दशकात बाहेरून आणलेल्या माशांबरोबर नॉर्वेत शिरली आणि तिथल्या नद्यांमधले सॅल्मन इतके मेले की कृमी घालवण्यासाठी काही नद्यांत विष टाकून सगळे मासे मारावे लागले.

आपल्याकडेही असे पाहुणे आहेत. मेसमध्ये 'बासा' म्हणून येतो तो पुष्कळदा पंगेशियस असतो आणि तोही आग्नेय आशियातून आणून इथे पाळलेला. त्याच्या कल्ल्यांवरच्या थापरोक्लिडस केकस आणि सियामेन्सिस या दोन जाती माशाबरोबर भारतात आल्याचं 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलं आहे. (घाबरू नका, कल्ल्यांवरचे हे कृमी माणसाला होत नाहीत.) थापरोक्लिडस हे नाव लखनौ विद्यापीठातले कृमितज्ज्ञ प्रा. थापर यांच्यावरून 1952 साली जैन यांनी दिलं. आणि आपल्या एनसीआरमध्येच, मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठात, माशांच्या मोनोजेनियांची ओळख आकड्यांबरोबर डीएनएवरून पटवण्याचं काम चालतं.

उरलेले दोन गट थोडक्यात. पर्णकृमी पानासारखे असतात आणि त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा गोगलगाय यावीच लागते. आमच्या गावी मेंढ्यांच्या जबड्याखाली सूज आली की आजोबा ओढ्याकाठी चारणं बंद करायचे. यकृतातला पर्णकृमी ओढ्यातल्या गोगलगायीतून येतो, हे कारण त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण उपाय बरोबर होता. माशाच्या मांसात पिवळे दाणे दिसले तर तेही पर्णकृमीचं पिल्लू असू शकतं, त्याचा शेवटचा पोशिंदा बगळा. पट्टकृमी फितीसारखे असतात आणि त्यांना तोंड किंवा आतडं नसतंच.

पुस्तकात मोकळे राहणारे सगळे चपटे कृमी टर्बेलॅरिया या एका वर्गात घातलेले असतात. आता तो खरा गट मानत नाहीत. उलट मोनोजेनिया, पर्णकृमी आणि पट्टकृमी हे तिन्ही परजीवी मात्र एकाच घराण्यातले आहेत. त्यांच्या अळ्या सूक्ष्म केसांचं मूळ कातडं टाकून देतात आणि नवं कातडं घेतात. त्यावरून त्या घराण्याचं नाव निओडर्माटा, म्हणजे नवी त्वचावाले.

ओळखण्यात तज्ज्ञही चुकतात, याचा मला थोडा आधार वाटला. मागूर माशातल्या एका पट्टकृमी गटाच्या, मुख्यतः भारतातून, 59 जाती वर्णन झाल्या होत्या. 2011 साली जुने आणि नवे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा त्यातल्या 8 खऱ्या ठरल्या. नीट न टिकवलेला कृमी आकसतो किंवा ताणला जातो आणि वेगळाच दिसतो. मी खुरप्याने केलेल्या तुकड्यांची ओळख कोणाला पटली असती, देव जाणे.

खड्डा आम्ही रिकामा केला, खत पातळ पसरून भर उन्हात वाळवलं आणि हाताने निवडून वाचलेली गांडुळं दुसऱ्या पिंपात ठेवली. या वर्षी मेथी बाजारातून आली. रिकाम्या खड्ड्याशेजारी मी ओली फळी टाकून ठेवली आहे. रात्री कृमी तिच्याखाली येतात, सकाळी पीटीआधी मी ती उलटतो आणि वहीत नोंद करतो. सप्टेंबरचे पहिले सोळा दिवस नोंद 'शून्य' होती. सतराव्या दिवशी एक सापडला, दोन सेंटिमीटरचा. पाठीवर पाच रेघा स्पष्ट होत्या. डोकं अजून फुटलेलं नव्हतं.