मधमाशीचा नाच आणि फुलांचा पत्ता

दूरवर फुललेलं झाड सापडलेली मधमाशी पोळ्यावर परतते आणि अंधारातच नाचू लागते. पोट थरथरवत ती सरळ धावते, उजवीकडून वळसा घेऊन मूळ जागी येते, पुन्हा तशीच धावते आणि आता डावीकडून वळते. मागे लागलेल्या माश्या मिशा तिच्या अंगाला टेकवून ही धाव चाचपतात. धाव उभ्या रेषेच्या उजवीकडे 40 अंश कललेली असेल, तर फुलं सूर्याच्या दिशेपासून उजवीकडे 40 अंशांवर असतात. धाव जितकी लांबते, तितकं झाड दूर. हे कोडं कार्ल फॉन फ्रिश यांनी 1940च्या दशकात उलगडलं आणि 1973मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पण नाच दिसला म्हणजे तो इतर माश्यांना कळतो, असं थोडंच सिद्ध होतं? फुलांचा वास नाचणारीच्या अंगाला असतोच. बाकीच्या माश्या त्या वासामागे जात असतील, असं शास्त्रज्ञ एड्रियन वेनर यांचं म्हणणं होतं. शंका रास्त होती. तिचं उत्तर 2005मध्ये रडारने दिलं. नाच अनुभवून निघालेल्या काही माश्यांना शास्त्रज्ञांनी पोळ्याच्या दाराशीच पकडलं, पाठीवर रडारला दिसेल असं चिमुकलं उपकरण चिकटवलं आणि दूर नेऊन सोडलं. त्या नाचात सांगितलेल्या दिशेने, जवळजवळ तेवढंच अंतर उडाल्या आणि जिथे काहीच नव्हतं तिथे जाऊन शोधत राहिल्या. वासामागे निघालेली माशी असं करणार नाही. नाचातून मिळालेला पत्ताच त्यांनी पाळला होता. मात्र नेमकं फूल गाठताना शेवटच्या टप्प्यात वास लागतो, एवढं वेनर यांच्या बाजूने मान्य करायलाच हवं.

हे सगळं जन्मजात, त्यात शिकणं कुठलं, असं कुणी म्हणेल. 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही तरुण माश्यांना अनुभवी नर्तकींशिवाय वाढवलं. त्यांचे पहिले नाच विस्कळीत आणि चुकीचे झाले. दिशेतल्या चुका सरावाने सुधारल्या, अंतरातल्या अखेरपर्यंत राहिल्या. म्हणजे नाच उपजत असला, तरी तो अचूक व्हायला थोरल्यांचा सहवास लागतो. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडची फुलोरी माशी मात्र झुडपाच्या फांदीवर उघड्यावर एकच छोटं पोळं बांधते. त्याच्या आडव्या माथ्यावर ती नाचते आणि तिची धाव थेट फुलांकडेच रोखलेली असते. असं पोळं दिसलं तर त्याला धक्का लावू नका. मोठ्यांना सोबत घेऊन, लांबूनच त्याचा माथा पाहा.