भरती झालेला मुलगा आणि पहिले दहा आठवडे



आपल्या वसतिगृहात शिकलेली मुले आता सैन्यभरतीकडे वळू लागली आहेत. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडच्या पारधी वस्त्यांवर पहाटे रस्त्याने धावणारी पोरे दिसतात. कोणी निवडला गेला की आपण उपासनेत त्याचे नाव घेतो, पेढे वाटतो, प्रार्थना करून त्याला गाडीत बसवतो. त्यानंतरचे सात-आठ महिने त्याचे नेमके काय चालले आहे, हे त्याच्या आईला कळत नाही आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी बहुतेकांनाही कळत नाही. भवानी पेठेतल्या आमच्या खोलीवर आया येतात, वाचकांचे फोन येतात. तिथे मारतात का? पोटभर जेवायला देतात का? नाताळला सोडतील का? आणि हमखास येणारा प्रश्न म्हणजे, नाहीच जमले तर त्याला परत बोलावून घ्यायचे का? मुख्यतः या शेवटच्या प्रश्नासाठी हा लेख लिहीत आहे.

आधी थोडी माहिती. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तेव्हापासून साधा शिपाई म्हणून जाणारा मुलगा ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी घेतला जातो. वय किमान साडेसतरा लागते. जनरल ड्युटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के लागतात, काही ट्रेड्समन पदांसाठी आठवी पास चालते. प्रशिक्षण या चार वर्षांतच धरलेले असते. जनरल ड्युटीच्या मुलांचे प्रशिक्षण ३१ आठवड्यांचे असते. पहिले १० आठवडे मूलभूत, पुढचे २१ आठवडे त्याच्या पलटणीच्या कामाचे. पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला बसली.

सोलापूरचा मुलगा म्हणजे बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जाणार, असे लोक धरून चालतात. तसे काही नसते. तो नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात जाईल, खडकीला बॉम्बे सॅपर्सकडे जाईल, अहिल्यानगरला रणगाड्यांच्या किंवा मेकॅनाइज्ड इन्फंट्रीच्या केंद्रात, कामठीला गार्ड्सकडे, नाहीतर मध्य प्रदेशात सागरला महार रेजिमेंटकडे जाईल. कदाचित जबलपूर किंवा सिकंदराबाद. ज्या आईने सोलापूरच्या पलीकडे पंढरपूर आणि तुळजापूरच पाहिले, तिच्यासाठी ही सगळी गावे सारखीच लांब. तेव्हा निवडपत्र आले की पहिल्याच दिवशी नकाशा उघडून तिला गाव दाखवावे, कोणती गाडी जाते ते सांगावे. काम लहान आहे, पण त्याने तिला धीर येतो.

केंद्रात पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस कागद, वैद्यकीय तपासणी, केस कापणे आणि सामान यांत जातात. लोखंडी काळी पेटी, बिछाना, बूट, पीटीचे कपडे, गणवेश. सगळे सरकारी. घरून नेलेले बरेचसे कपडे पेटीच्या तळाशी जातात. फोन जमा होतो किंवा ठरलेल्या वेळीच हातात मिळतो. घरच्यांना ही पहिली भीती इथे बसते, कारण ज्या मुलाचा रोज फोन यायचा त्याचा आठवडाभर आवाज येत नाही. फोन आला नाही म्हणजे मुलगा आजारी आहे असे नव्हे. तिथली पद्धत तशी आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

मग घड्याळ सुरू होते. पहाटे अंधारात उठणे, बिछान्याची घडी, दाढी, बुटाला पॉलिश, फॉलिन, गिनती. नंतर पीटी, नाश्ता, कवायत, हत्यारांचा वर्ग, जेवण, पुन्हा वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री पुन्हा गिनती. शिकवणाऱ्याला ‘उस्ताद’ म्हणतात. भटारखान्याला ‘लंगर’ म्हणतात. जेवण पोटभर असते. वसतिगृहात पहिल्या महिन्यात मुले जशी अंगाने भरतात, तशी इथेही भरतात. मात्र जेवायला वेळ थोडा असतो आणि ताट स्वतः धुवावे लागते.

मारतात का? मारहाणीला नियमाने परवानगी नाही. पण शिक्षा असते आणि ती अंगमेहनतीची असते. मैदानाला फेऱ्या, बेडूकउड्या, कोलांट्या, रायफल डोक्यावर धरून पळणे. तिथल्या भाषेत याला ‘रगडा’ म्हणतात. एकाच्या बुटाला पॉलिश नसेल तर कधी अख्ख्या तुकडीला रगडा मिळतो. पारधी वस्तीवरच्या पोराला याचे शारीरिक दुःख फारसे होत नाही, असे माझे निरीक्षण आहे. चालणे, पळणे, उपाशी राहणे, उघड्यावर झोपणे हे त्याने लहानपणीच केलेले असते. त्याला लागतो तो ओरडा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गणवेशातला माणूस ओरडला की पुढे काय होते, ते ठरलेले होते. गुन्हेगार जमाती कायद्याखाली या लोकांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. आपल्याच सोलापुरात सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण भीती काही राजपत्रातल्या सूचनेने रद्द होत नाही. अशा घरातला मुलगा रोज दोनदा गिनतीला उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल याचा विचार आपण करावा. हा ओरडा प्रत्येकावर होतो, तो तुझ्या जातीवर नाही, हे त्याला जाण्याआधी कोणीतरी बसून सांगायला हवे.

दुसरी अडचण भाषेची. आज्ञा हिंदीत असतात. सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल, थम. तुकडीत बिहारचा, पंजाबचा, तामिळनाडूचा मुलगा शेजारी असू शकतो. आपली पोरे घरी गुजरातीच्या अंगाने जाणारी पारधी बोली बोलतात, शाळेत मराठी शिकलेली असतात. हिंदी त्यांना सिनेमातून कळते, पण उस्तादाने विचारलेल्या प्रश्नाला पटकन उत्तर देता येत नाही, आणि गप्प उभे राहणे हा उद्धटपणा समजला जातो. अर्ज भरल्यापासून भरतीच्या दिवसापर्यंत घरात रोज अर्धा तास हिंदीत बोलण्याचा सराव ठेवला तर धावण्याच्या सरावाइतकाच त्याचा उपयोग होतो. आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक कमी नाहीत.

आता त्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बहुतेक मुले मोडायला येतात. पायाला फोड आलेले असतात, झोप पुरत नाही, घरची आठवण येते. नेमका त्याच वेळी हातात फोन मिळतो आणि घरून रडण्याचा आवाज येतो. आजी आजारी आहे, भावाला पोलिसांनी नेले, तू ये. मुलगा कुंपणावरून उडी मारून गाडीत बसतो. हे आपल्याच मुलांचे होते असे नाही, सगळीकडच्या मुलांचे होते. पण आपल्या घरांत त्यानंतर काय करायचे ते माहीत नसते. मुलाला लपवले जाते, आणि तिथेच सगळे बिघडते.

भरतीची सही झाली की मुलाला १९५० चा सेना कायदा लागू होतो. प्रशिक्षण संपलेले नसले तरी लागू होतो. परवानगीशिवाय गैरहजर राहणे हा त्या कायद्याच्या ३९ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि पळून जाणे ३८ व्या कलमाखाली त्याहून मोठा. चार वर्षे पूर्ण होण्याआधी स्वतःच्या इच्छेने सोडण्याची मुभा अगदी अपवादात्मक कारणांनाच मिळते. तेव्हा घरी खरोखर संकट आले तर मुलाला नव्हे, केंद्राला कळवावे. केंद्राचा पत्ता आणि फोन निघण्याआधीच लिहून घ्यावा. अर्जासोबत डॉक्टरांचा कागद किंवा सरपंचांचे पत्र जोडावे. रीतसर सुट्टी मागता येते. आणि मुलगा पळून आलाच तर त्याच दिवशी कोणा समजदार माणसाबरोबर त्याला परत पाठवावे. स्वतःहून परत गेलेल्याकडे आणि पकडून आणलेल्याकडे तिथे सारख्या नजरेने पाहत नाहीत.

चाचणीत नापास झाला म्हणजे घरी पाठवतात, हाही एक गैरसमज आहे. बहुतेक वेळा त्याला मागच्या तुकडीत टाकतात आणि तो तेच आठवडे पुन्हा करतो. लाज वाटते, पण नोकरी जात नाही. वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला तर मात्र परत यावे लागते.

दहा आठवड्यांत पाया घातला की पुढचे काम मुलांना आवडू लागते. गोळीबाराचा सराव, नकाशा वाचणे, प्रथमोपचार, रात्रीच्या हालचाली, अडथळ्यांचे मैदान. रायफल आणि सामान अंगावर घेऊन पाच किलोमीटर पळणे, दोर चढणे, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे. जमिनीवरच्या खुणा वाचायची, आवाज न करता चालायची कला ज्या घरात आजोबांकडून नातवाकडे आली, त्या घरातला मुलगा या वर्गात मागे पडत नाही. पौलाने तीमथ्याला लिहिताना सैनिकाच्या कष्टांचा दाखला दिला, त्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. ज्याच्या टाचेला फोड आहेत त्याला तो अधिक कळत असावा.

उपासनेचे काय, असे पाळकसाहेब विचारतात. पलटणींत ‘सर्वधर्म स्थळ’ असते आणि सैन्यात धर्मशिक्षक नेमलेले असतात. पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याप्रमाणे पाद्रीही असतात. प्रत्येक केंद्रात पाद्री असेलच असे नाही, आणि नाताळची सुट्टी मिळेलच असेही नाही. ती केंद्राच्या वेळापत्रकावर ठरते. प्रशिक्षणाच्या शेवटी कसम परेड होते, तिथे धर्मग्रंथांसमोर शपथ घेतली जाते. त्यात पवित्र शास्त्रही असते.

कागदांबद्दल दोन-तीन गोष्टी, कारण इथे आपली मुले अडतात. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकलेली असते आणि आधारवर दुसरीच असते. दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरली जाते, तेव्हा बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत. जातीच्या दाखल्यावर धर्म नसेल तर तहसीलदारांचे धर्माचे वेगळे प्रमाणपत्र लागते. अविवाहित असल्याचा दाखला लागतो आणि चारही वर्षे लग्न करता येत नाही. आपल्या वस्त्यांवर सोयरीक लवकर जुळते, म्हणून पंचांना हे आधीच कळवावे. गोंदणाची चिंता अनेकांना असते. इतरांना हाताच्या ठरावीक भागावरच गोंदण चालते, पण सरकारने जाहीर केलेल्या जमातींच्या मुलांचे रूढीप्रमाणे केलेले गोंदण प्रत्येक प्रकरण पाहून मान्य होते. जमातीचा दाखला त्यासाठी जवळ हवा. सैन्यात जातीचे आरक्षण नाही, ते पोलीस भरतीत आहे. पोलीस पडताळणीत चुलत्यावरचा गुन्हा हा मुलावरचा गुन्हा ठरत नाही. स्वतःबद्दल विचारलेले मात्र खरे लिहावे. आणि भरती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

पैशाचा हिशेब असा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवानिधीत कापून हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी हातात २८,०००. चार वर्षांत मुलाचे सुमारे ५ लाख २ हजार जमतात, सरकार तेवढेच घालते, वर व्याज. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम केले जाते. म्हणजे चारपैकी तीन पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतील. म्हणून पहिल्या पगारावर मोटारसायकलचा हप्ता काढू नये, असे मी प्रत्येक घरात सांगतो आणि बहुतेक घरांत माझे ऐकले जात नाही. दहावी पास मुलाला नोकरीत असतानाच मुक्त विद्यालयातून बारावीची समकक्षता मिळवण्याची सोय आहे. ती त्याने सोडू नये, यासाठी आपण मागे लागू शकतो.

या काळात मंडळीने काय करावे? पत्र लिहावे. पोस्टकार्डही चालेल. पत्त्यावर त्याचा क्रमांक, नाव, कंपनी आणि केंद्र नीट लिहावे. गावात पाऊस झाला, बहिणीला नववीत किती गुण पडले, वस्तीवरच्या शेळीला दोन पिले झाली, एवढे पुरते. घरातले भांडण लिहू नये. आईला लिहिता येत नसेल तर तिच्याजवळ बसून ती सांगेल तसे लिहून द्यावे.

प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर परेडला आईवडिलांना बोलावतात आणि त्यांच्या छातीवर गौरव पदक लावतात. या पावसाळ्यानंतर आपल्या दोन मुलांची परेड अपेक्षित आहे. गाडीभाडे, एक मुक्काम आणि आईला एक बरे लुगडे, एवढा खर्च आहे. ज्यांना त्यात हातभार लावायचा आहे त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. आत जाताना ओळखपत्र पाहतात. एका आईचे आधारकार्ड अजून झालेले नाही, त्यासाठी येत्या सोमवारी तिला केंद्रावर घेऊन जात आहोत.