दुसरी किल्ली दुसऱ्या घरी

बँकेत तिजोरीच्या जादा किल्ल्या त्याच शाखेत ठेवत नसत. त्या दुसऱ्या शाखेत जमा होत. जुना संगणक भंगारात निघाला की मला हा नियम आठवतो. संगणक थकला तरी त्याची हार्ड डिस्क पुष्कळदा धडधाकट असते. ती काढून साध्या केसिंगमध्ये बसवली, की यूएसबीच्या वायरीने नव्या संगणकाला जोडता येते. १९५६ साली आयबीएमच्या पहिल्या डिस्क-यंत्रात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत आणि यंत्र टनभर वजनाचे! आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये माझ्या साऱ्या कादंबऱ्या आणि घरातल्या लग्नामुंजींचे फोटो मावूनही जागा उरते.

मात्र तिच्या पोटात तबकड्या फिरतात, आणि फिरणारी वस्तू झिजतेच. म्हणून डिस्कच्या प्रकृतीच्या 'स्मार्ट' नोंदी आधी तपासाव्यात. त्यांत बिघाडाची खूण दिसली तर मोह सोडावा. खूण नसली तरी एकुलती एक प्रत अशा डिस्कवर ठेवू नये. तिच्याकडे जादा प्रतीचेच काम द्यावे. उतरवलेली प्रत अधूनमधून उघडून पाहावी आणि डिस्क लेकीच्या नाहीतर भावाच्या घरी ठेवावी. हरवलेली पासबुके बँक पुन्हा देते. आजीचा फोटो आणि कादंबरीचे हस्तलिखित कोण देणार?