युद्धावर गेलेल्या इंजिनाचा माग कसा काढायचा?

आमच्या नेसरीत रेल्वे नाही, त्यामुळे ‘इंजिनांवर कसली पीएच.डी.?’ हे मला गावात ठरलेलं ऐकावं लागतं. असो. आज माझी एक चूक सांगतो, तुमची वाचेल.

पहिल्या वर्षी मी एकच इंजिन दोनदा मोजलं. एका यादीत त्याचा लष्करी क्रमांक होता, दुसरीत कारखान्याचा. मार्गदर्शकांनी पकडलं तेव्हा अख्खा तक्ता पुन्हा करावा लागला.

असं का होतं? पहिल्या महायुद्धात आघाडीपर्यंत दारूगोळा न्यायला ब्रिटिशांनी फ्रान्समध्ये 60 सेंटिमीटर गेजच्या हलक्या लाइन टाकल्या. त्यासाठी 1916-17 मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून 495 छोटी इंजिनं घेतली. युद्ध संपल्यावर उरलेली विकली, काही भारतात आली. त्यातलं एक उत्तर प्रदेशात खतौलीच्या साखर कारखान्यात राबलं आणि आता इंग्लंडमध्ये लेटन बझार्डला आहे. लष्करात ते 778, बाल्डविनच्या नोंदीत 44656. मालक बदलला की वरचा नंबर बदलू शकतो, कारखान्याचा बदलत नाही. म्हणून तक्त्याचा पहिला रकाना त्याचाच ठेवा.

दुसरी चाळणी गेजची. 2 फूट म्हणजे 609.6 मिलिमीटर, म्हणजे 60 सेंटिमीटरशी फरक सेंटिमीटरभरही नाही. हे इंजिन 2 फुटी लाइनवर खपून जातं. आपली बार्शी लाइट मात्र अडीच फुटी होती, 762 मिलिमीटर. 1897 मध्ये सुरू झालेली ही लाइन 1927 मध्ये मिरजेपर्यंत आली. तिच्यावर हे इंजिन आहे तसं चाललंच नसतं. कुठे तसा उल्लेख दिसला तर आधी शंका घ्या.

गेज हा लष्कराच्याही काळजीचा विषय होता बरं का. काल्का-शिमला लाइन आधी 2 फुटी ठरली होती. पण वेळ आली तर एका लाइनचं सामान दुसरीवर नेता यावं म्हणून लष्कराने आग्रह धरला आणि 1901 मध्ये ती अडीच फुटी झाली. गाडी सुरू व्हायच्या आधीच युद्धाचा हिशेब!

माथेरानची लाइन 2 फुटी. मग बाल्डविन तिथे आलं असेल? गेज जुळतं, एवढंच म्हणता येईल. माझ्या तक्त्यात तो रकाना रिकामाच आहे.