टाकीतील रिकामी जागा

पेट्रोलपंपावर मोटारीची टाकी भरत असता नोझल एकाएकी ‘टक्’ असा आवाज करून आपोआप बंद पडते, हे वाचकांनी पुष्कळदा पाहिले असेल. तेवढ्यावर थांबणारे गिऱ्हाईक मात्र विरळा. रुपयांचा आकडा पूर्ण व्हावा म्हणून, किंवा पल्ला लांबचा आहे म्हणून, नोझल पुन्हा दाबले जाते आणि पेट्रोल टाकीच्या तोंडाशी दिसू लागेपर्यंत थोडे थोडे ओतले जाते. ह्या शेवटच्या पाव-अर्ध्या लिटराने गाडीच्या एका अंगाची हानी होते. ते अंग गाडीत मुळात का बसविले गेले, ते आधी पाहू.

पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. ते शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यांतील जे हलके असतात ते आपल्याकडील साध्या उन्हाच्या तापमानालाच वाफ होऊन उडू लागतात. टाकी बंद असली तरी पेट्रोलच्या पृष्ठावरील पोकळी ह्या वाफेने भरून जाते. दुपारी टाकी तापली की वाफेचा दाब वाढतो आणि ती बाहेर पडण्यास वाट शोधते. पूर्वीच्या गाड्यांत ही वाट सरळ मोकळ्या हवेत उघडत असे. गाडी नुसती उभी असतानाही हवा दूषित करी, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे.

ते गैर आहे हे प्रथम ध्यानात आले अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात. १९४० नंतरच्या दशकात तेथे डोळे झोंबविणारे, पिकांची पाने करपविणारे तपकिरी धुरके पसरू लागले. आरी हागेन-स्मिट हे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जीवरसायनशास्त्रज्ञ त्या वेळी अननसाच्या स्वादाचे रासायनिक पृथक्करण करीत होते. तेच कौशल्य त्यांनी शहराच्या हवेकडे वळविले. हायड्रोकार्बनांची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र आली की त्यांपासून ओझोन व इतर दाहक द्रव्ये बनतात, असे त्यांनी १९५२ च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे दोष केवळ धुराड्यांचा नव्हता. न जळता उडून जाणारे पेट्रोलही त्यात भागीदार होते. पुढे १९७० सालच्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात, आणि १९७१ पासून साऱ्या अमेरिकेत, ही वाफ अडवून ठेवणे कारखानदारांना बंधनकारक झाले.

ती अडवावी कशी? उत्तर सापडले कोळशात. लाकूड किंवा नारळाची करवंटी विशिष्ट रीतीने भाजून जो क्रियाशील कोळसा तयार करतात, तो सूक्ष्म छिद्रांनी इतका पोखरलेला असतो की त्याच्या एका ग्रॅमचे आतील पृष्ठफळ सुमारे १,००० चौरस मीटर भरते. कबड्डीची सात-आठ मैदाने एका चिमटीत मावावीत, असा हा प्रकार आहे. ह्या पृष्ठांना वाफेचे रेणू चिकटून राहतात. ह्यास अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो त्याहून ही क्रिया निराळी, आणि तो फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून सैनिकांचे रक्षण करणाऱ्या मुखवट्यांत हाच कोळसा वापरला होता.

मोटारीत ह्या कोळशाचा एक डबा बसविलेला असतो. मेकॅनिक लोक त्याला कॅनिस्टर म्हणतात. टाकीतील वाफ एका नळीने डब्यात येते व कोळशाला चिकटून राहते. पुढे एंजिन सुरू झाले म्हणजे योग्य वेळी एक झडप उघडते, एंजिनाच्या ओढीने बाहेरची ताजी हवा कोळशातून वाहते आणि चिकटलेली वाफ सोडवून एंजिनात नेते. तेथे ती जळते. कोळसा पुन्हा रिकामा होतो. डबा गाडी उभी असताना भरावा आणि एंजिन चालताना रिता व्हावा, अशी ही व्यवस्था आहे. वाया जाणारे इंधन कामी येते, हा आणखी एक लाभ.

ही सारी योजना वाफेसाठी आहे, द्रवासाठी नव्हे. म्हणूनच टाकीच्या वरच्या भागात कारखानदार मुद्दाम जागा मोकळी ठेवतो. पेट्रोल तापले की फुगते. ४० लिटर पेट्रोल १५ अंश सेल्सिअसने तापले तर ते अर्ध्या लिटराहून अधिक वाढते. जमिनीखालच्या थंड साठ्यातून आलेले पेट्रोल वैशाखाच्या उन्हात उभ्या गाडीत एवढे तापणे मुळीच अवघड नाही. पोकळी शिल्लक असेल तर ही वाढ तीत सामावते. काठोकाठ भरलेल्या टाकीतील पेट्रोल मात्र वाफेच्या नळीत शिरते आणि डब्याकडे वाट काढू लागते. मोटारींत ते अडविण्यासाठी तरंगत्या झडपा असतात खऱ्या, पण वारंवार दाबून भरण्यापुढे त्यांचाही निभाव लागतोच असे नाही.

द्रव पेट्रोल पोचले की कोळशाची छिद्रे तुडुंब भरतात. थोड्याशा हवेने ती मोकळी होत नाहीत. मग टाकीतून येणारी नवी वाफ कोळशावर न थांबता सरळ बाहेर पडते आणि गाडीजवळ पेट्रोलचा वास येऊ लागतो. दुसरीकडे एंजिन डब्यातून हवा ओढू जाते ते वाफेऐवजी दाट इंधनच ओढते; गाडी सुरू होण्यास कुरकुरते, आचके देते. न जळलेले इंधन धुराबरोबर उत्प्रेरक शोधकापर्यंत गेले तर ते तेथे जळून त्या महागड्या भागाला अति तापविते. भिजलेल्या कोळशाचे कण झिजून त्यांची पूड झडपेत अडकते, झडप नीट मिटत नाही, आणि नव्या गाड्यांत एंजिनाचा पिवळा दिवा लागतो. असा डबा वाळवून क्वचितच सुधारतो. बहुधा तो बदलावाच लागतो.

पंपाचे नोझल बंद पडते ते ह्याच जागेच्या रक्षणासाठी. त्याच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. आतील अरुंद मार्गातून पेट्रोल वेगाने वाहताना तेथील दाब उतरतो व ह्या छिद्रातून हवा ओढली जाते. पेट्रोल वर चढून छिद्र झाकले गेले की हवा थांबते, दाब आणखी उतरतो, एक पातळ पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. विजेची गरज नाही, की कोणाच्या देखरेखीची! एवढी नामी युक्ती केवळ रुपयांचा आकडा जुळावा म्हणून आपण निष्फळ करतो.

येथे एका भांडणाचा उल्लेख केला पाहिजे. पुस्तिकेत टाकी ३५ लिटरची म्हटलेली असते आणि पंपाचा काटा ३७ लिटर दाखवितो, गिऱ्हाईक चिडते. मापात खोट असू शकते. ती शंका असल्यास पंपावरील प्रमाणित ५ लिटरच्या मापाने खात्री करून घेता येते. परंतु पुस्तिकेतील आकड्यात ही मोकळी जागा आणि तोंडाची नळी धरलेली नसते, हेही त्या फरकाचे कारण असू शकते. उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरल्यास तिचा स्फोट होतो, अशी जी वार्ता दर वर्षी फिरते ती मात्र निराधार आहे. कारखानदाराने ठरविलेल्या मर्यादेपर्यंत टाकी कोणत्याही ऋतूत भरावी.

आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही मानके लागू आहेत. त्यांनुसार पेट्रोलची मोटार बंदिस्त कोठडीत ठेवून तपासली असता ठराविक कसोटीत तिच्यातून २ ग्रॅमहून अधिक वाफ निघता कामा नये. २ ग्रॅम पेट्रोल म्हणजे चहाचा अर्धा चमचा. टाकीच्या तोंडावरून ओघळणारे पेट्रोल त्याहून कितीतरी अधिक असते. त्यात बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्यही थोडे असते, आणि दिवसभर तेथे उभा राहणारा पंपावरचा कामगार ते श्वासावाटे घेतो.

डीझेल सहसा उडत नसल्याने त्या गाड्यांना हा डबा नसतो. दुचाकींना मात्र आता तो असतो, आणि त्यांच्या बाबतीत धोका अधिक जवळचा आहे. टाकी लहान, उन्हात उघडी, आणि गाडी बाजूच्या स्टँडवर कललेली. काठोकाठ भरलेले पेट्रोल वाफेच्या छिद्रापर्यंत सहज पोचते. टाकीचे झाकण उघडून आत पाहिल्यास तोंडाखाली उतरलेली धातूची कड दिसते. त्या कडेच्या खालच्या टोकाला पेट्रोल टेकले की टाकी भरली असे समजावे.